परसातला रानकोपरा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

घराभोवती थोडी मोकळी जागा असलेल्या बहुतेकांची बाग एकाच वळणाची असते. मधोमध हिरवळ, कडेने विलायती फुलझाडांच्या कुंड्या, सरळ रेषेत छाटलेले डुरांटाचे कुंपण आणि पडलेले प्रत्येक पान गोळा करणारा खराटा. अशा बागेत फुले भरपूर असूनही फुलपाखरू घटकाभर थांबून निघून जाते आणि बुलबुल तारेवर येऊन बसतो, पण घरटे मात्र शेजारच्या पडीक जागेत करतो. याचे कारण साधे आहे. मधाची सोय आपण केलेली असते, परंतु अळीने खाण्याजोगे पान, बेडकाला दडण्याजोगा ओलावा आणि घरट्याला लागणारे गवताचे पाते यांतले काहीच तेथे उरू दिलेले नसते. हे सगळे मुद्दाम उरू दिलेला बागेचा एक कोपरा, तोच रानकोपरा.

हा लेख पुणे आणि आसपासच्या पठारी भागातील बाग डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे. येथे वर्षाला सरासरी सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत, आणि उरलेले आठ महिने बागेला त्याच ओलाव्यावर किंवा आपण घातलेल्या पाण्यावर निभावून न्यावे लागते. कोकणात, खानदेशात किंवा विदर्भात राहणाऱ्यांनी झाडांची यादी आपल्या मुलखाप्रमाणे बदलावी. कामाचा क्रम बदलण्याचे कारण नाही.

जागा ठरवणे आणि आखणे

सगळी बाग एकदम बदलायला घेऊ नये. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद एवढा एक कोपरा पुरेसा आहे, आणि तो घराच्या दारापासून, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून व गाडी लावण्याच्या जागेपासून शक्य तितका लांब असावा. अंगावर ऊन घेतल्याशिवाय फुलपाखरांना नीट उडता येत नाही, म्हणून त्या कोपऱ्याला दिवसातून चार-पाच तास तरी ऊन मिळायला हवे. दुपारनंतर तेथे भिंतीची किंवा मोठ्या झाडाची सावली येत असेल तर उत्तमच, कारण पाचोळ्यात राहणाऱ्या जिवांना ती मानवते.

जागा ठरली की लगेच खड्डे खणू नयेत. पहिल्या पावसानंतर तेथे आपोआप काय उगवते ते आधी पाहावे. टाकळा, केना, आघाडा, कुरडू, तेरडा, घोळ ही सगळी आपल्या बोलण्यात तण म्हणून येणारी नावे आहेत. पण टाकळ्याच्या पानांवर लहान पिवळ्या ग्रास यलो फुलपाखरांच्या अळ्या वाढतात आणि घोळीवर डॅनेड एगफ्लाय अंडी घालते. गणपतीच्या पत्रीसाठी आघाडा आणि गौरीसाठी तेरडा बाजारातून विकत आणायचा आणि जून-जुलैत तीच रोपे आपल्या अंगणातून उपटून फेकायची, हा आपला विचित्र व्यवहार निदान या दहा फुटांत तरी बंद करावा. अपवाद एकच. गाजरगवत, घाणेरी, कॉसमॉस आणि सुबाभूळ यांची रोपे दिसताच मुळासकट उपटावीत. ही चारही बाहेरून आलेली आहेत, झपाट्याने पसरतात आणि इतरांना जागा देत नाहीत. घाणेरीच्या फुलांवर फुलपाखरे येतात हे खरे असले, तरी तेवढ्यासाठी ती ठेवू नये.

कोपऱ्याची हद्द दगडांच्या रांगेने किंवा बांबूच्या बुटक्या कुंपणाने स्पष्ट दाखवावी. आमच्याकडे पहिल्या वर्षी नेमके हेच राहून गेले. मी मनातल्या मनात आखलेली हद्द मला दिसत होती, माळ्याला दिसण्याचे कारण नव्हते. त्याने सणाच्या आदल्या दिवशी मोठ्या कष्टाने तो कोपरा लख्ख करून दिला आणि चार महिन्यांची वाढ कचऱ्याच्या गाडीत गेली. हद्द आखलेली असली की रान मुद्दाम वाढवले आहे, हे माळ्याला, घरच्या मंडळींना आणि शेजाऱ्यांनाही सांगावे लागत नाही.

आधी काय थांबवायचे

पहिल्या महिन्याचे काम बहुतांशी हात आवरण्याचे आहे. या कोपऱ्यात आणि त्याच्या आजूबाजूला कोणतेही कीटकनाशक फवारू नये. येथे नवख्यांची एक गफलत हमखास होते: निंबोळी अर्क किंवा दशपर्णी अर्क सेंद्रिय आहे, म्हणून तो निर्धोक आहे असे धरून चालतात. पिकावरची अळी आणि फुलपाखराची अळी असा भेद त्या अर्काला करता येत नाही. निंबोळी अर्क फवारलेले पान अळी खाईनाशी होते आणि उपाशी मरते. भाजीच्या वाफ्यावर तो जरूर वापरावा, परंतु रानकोपऱ्यावर त्याचा तुषारही जाऊ देऊ नये. माव्याचा किंवा पिठ्या ढेकणाचा उपद्रव झालाच तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने तो धुऊन काढावा आणि थोडे थांबावे, कारण मावा वाढला की त्याला खाणारे ढालकिडेही बहुधा मागोमाग येतात.

दुसरे, झाडांवरची कोळ्यांची जाळी काढू नयेत. फुलांतला मध पिणारा चिमुकला शिंजीर पक्षी आपले लोंबते घरटे कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनीच बांधतो आणि शिंपी पक्षी पाने शिवायला कापसाबरोबर तेच धागे वापरतो. तिसरे, कोपऱ्याकडे तोंड करून रात्रभर जळणारा दिवा असेल तर तो बंद करावा किंवा खाली वळवावा. पाचोळा जाळणे तर कोठेच करू नये, कारण पुढची सगळी उभारणी त्याच्यावर आहे.

माती आणि पाचोळा

पानगळ साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये होते आणि त्याच सुमारास जमीन तापू लागते. आपल्या आणि मिळाल्यास शेजाऱ्यांच्या अंगणातील वाळकी पाने गोळा करून कोपऱ्यात चार ते सहा इंचांचा थर द्यावा. तो झाडांच्या बुंध्याला चिकटू देऊ नये, नाहीतर साल कुजते. उन्हाळ्यात हा थर ओलावा टिकवतो, पावसाळ्यात खालून कुजत जाऊन मातीत मिसळतो, आणि गोम, वाणी, गांडूळ, रातकिडे यांना घर देतो. दयाळ आणि सातभाई हे पक्षी पाने उलथीपालथी करून याच किड्यांवर जगतात. सातभाईंचे टोळके एकदा पाचोळ्यात उतरले की तो विस्कटून वाटेवर येणार, हे गृहीत धरावे.

मात्र सगळी जमीन पाचोळ्याने झाकू नये. दोन-तीन चौरस फूट माती उन्हाच्या बाजूला उघडी आणि न खणलेली ठेवावी, कारण एकेकट्या राहणाऱ्या मधमाश्यांच्या कित्येक जाती जमिनीत बीळ करून अंडी घालतात.

कोणती झाडे लावावीत

नवखा माणूस रोपवाटिकेत जाऊन फुले पाहून झाडे निवडतो. रानकोपऱ्यासाठी पाने पाहून निवडावी लागतात. प्रौढ फुलपाखराला मध अनेक फुलांचा चालतो, परंतु मादी अंडी घालते ती ठरावीक झाडांवरच, कारण तिच्या अळीला दुसरे पान पचत नाही. लिंबू, कढीपत्ता आणि बेल यांवर लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन वाढतात. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून जाहीर केलेले ब्लू मॉरमॉन, म्हणजेच नीलवंत, हेही लिंबाच्या कुळातील झाडांवरच अंडी घालते. रुईवर प्लेन टायगर, कण्हेरीवर कॉमन क्रो, एरंडावर कॉमन कॅस्टर, कृष्णकमळावर टॉनी कोस्टर आणि ईश्वरीच्या वेलावर कॉमन रोज व क्रिम्झन रोज ही जोडी वाढते. यांतली तीन-चार झाडे लावली तरी पहिल्या वर्षासाठी पुष्कळ झाले.

कढीपत्त्याची दोन रोपे लावावीत: एक फोडणीसाठी आणि दुसरे अळ्यांसाठी. ऑगस्टमध्ये कोवळ्या पानाच्या टोकाजवळ टाचणीच्या डोक्याएवढे, फिकट पिवळसर आणि गुळगुळीत असे एकेकटे अंडे दिसले, तर ते कॉमन मॉरमॉनचे किंवा लाइम बटरफ्लायचे समजावे. तीन-चार दिवसांनी त्यातून निघणारी अळी काळपट तपकिरी असते, तिच्या पाठीवर पांढरा डाग असतो आणि ती ओलसर चकाकते, त्यामुळे पानावर चिमणीची शीट पडली आहे असेच वाटते. पक्ष्यालाही तसेच वाटावे, हीच तिची युक्ती आहे. चार वेळा कात टाकल्यावर ती अचानक हिरवीगार होऊन बाहेर येते, छातीच्या फुगीर भागावर डोळ्यांसारखे दोन ठिपके दिसतात, आणि काडीने हळूच स्पर्श केला तर डोक्यामागून लाल रंगाचे दुहेरी शिंग बाहेर काढून ती लिंबासारखा उग्र वास सोडते. शेवटच्या चार दिवसांत तिची भूक अशी असते की सकाळी भरलेली फांदी संध्याकाळी नुसत्या दांड्यांची होते. मग ती झाड सोडून जवळपासची एखादी काटकी गाठते, कमरेला रेशमाचा एक धागा बांधून स्वतःला तिरपे टांगून घेते आणि कोश करते. आठ-दहा दिवसांनंतर भल्या सकाळी त्याच्याजवळ बसण्याइतका वेळ असेल, तर पंख वाळवणारे फुलपाखरू पाहता येते. ओरबाडलेल्या कढीपत्त्याला महिन्याभरात पुन्हा पालवी फुटते, म्हणून त्याची कीव करून अळ्या वेचू नयेत.

कण्हेर लावली असेल तर पानांच्या खालची बाजू अधूनमधून पाहावी. कॉमन क्रोचा कोश चांदीच्या घुंगरासारखा चमकतो, आणि त्यात आपले तोंडही वाकडेतिकडे दिसते.

मुलांच्या दृष्टीने एक सावधगिरी अवश्य घ्यावी. रुईचा चीक डोळ्यांत गेल्यास इजा होते, कण्हेरीचे सर्व भाग विषारी आहेत, एरंडाचे बी चावून खाल्ल्यास जीव धोक्यात येतो, आणि ईश्वरीचा घरगुती औषध म्हणून उपयोग करू नये, कारण तिच्यातील द्रव्य मूत्रपिंडाला घातक असते. ही झाडे कोपऱ्याच्या आतल्या बाजूस लावावीत आणि मुलांना नावानिशी ओळख करून द्यावी.

पक्ष्यांसाठी झुडपे हवीत. करवंदाची जाळी ही या कामी सर्वांत भरवशाची: काटेरी असल्यामुळे मांजर आत शिरत नाही, बारा महिने हिरवी असते, आणि तिची फळे बुलबुल आधी खातो की आपण, एवढाच प्रश्न उरतो. धायटीची लाल फुले उन्हाळ्याच्या तोंडावर शिंजिरांना बोलावतात. अडुळसा हिवाळ्यात फुलतो आणि त्याच्यावर दिवसभर भुंगे असतात. कोरांटीही साधारण त्याच हंगामातली. जागा मोठी असेल तर एखादा कुडा किंवा बहावा लावावा. गुळवेल कुंपणावर सोडली तर तिची लाल फळे पक्षी खातात, पण ती शेजारच्या झाडावर चढून त्याला झाकून टाकते, म्हणून वर्षातून दोनदा तिची छाटणी करावी लागते.

वड, पिंपळ आणि उंबर ही झाडे रानात कितीही गुणाची असली, तरी लहान परसात लावू नयेत. मुळे पाण्याच्या टाकीत आणि भिंतीच्या पायात शिरल्यावर पश्चात्ताप होतो, आणि शहरी हद्दीत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे स्वतःच्या अंगणातील झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. दहा फुटांत शंभर रोपे दाटीने लावण्याचा सल्लाही मनावर घेऊ नये. दख्खनच्या पठाराचा बराचसा भाग मुळात विरळ झाडांचा आणि गवताचा आहे, आणि मुनियेसारख्या पक्ष्यांना सावलीपेक्षा गवताच्या लोंब्या अधिक उपयोगी पडतात.

रोपे जूनमध्ये, दोन-तीन चांगले पाऊस होऊन माती वीतभर ओली झाल्यावर लावावीत. रोपवाटिकेतून आणलेली प्रत्येक पिशवी लावण्यापूर्वी उलटीसुलटी करून पाहावी. मी हे न करता एका रोपवाटिकेतून सहा रोपे आणली आणि त्यांच्या मातीतून शंखी गोगलगाय घरात घेतली. ही मूळची पूर्व आफ्रिकेतील गोगलगाय एका वेळी शंभराहून अधिक अंडी घालते, आणि पुढचे दोन पावसाळे आम्ही रात्री विजेरी घेऊन गोगलगाई वेचत होतो. उपाय कष्टाचा आहे पण खात्रीचा आहे: संध्याकाळी ओले गोणपाट जमिनीवर पसरून ठेवावे, सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगाई हातमोजे घालून गोळा कराव्यात आणि मिठाच्या घट्ट पाण्यात टाकाव्यात. मीठ जमिनीवर टाकू नये, त्याने माती बिघडते.

पाणी

पक्ष्यांसाठी उथळ मातीची परात किंवा जुनी दगडी डोणी पुरते. पाण्याची खोली दोन इंचांपेक्षा जास्त नसावी आणि मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा, म्हणजे मधमाश्याही बुडत नाहीत. ही परात जमिनीपासून कमरेइतकी उंच आणि झुडपापासून पाच-सहा फुटांवर ठेवावी. झुडपाला चिकटून ठेवली तर मांजराचे फावते. परातीतले पाणी एक-दोन दिवसांनी ओतून टाकावे आणि परात काथ्याने घासावी. घासणे महत्त्वाचे, कारण डेंग्यू पसरवणारा एडिस डास पाण्याच्या वरच्या कडेला अंडी चिकटवतो आणि ती भांडे कोरडे झाल्यावरही अनेक महिने तग धरतात. पाणी नुसते बदलून त्यांचे काही बिघडत नाही.

बेडूक आणि चतुर हवे असतील तर मात्र कायम पाण्याचे डबके लागते. दीड फूट खोल सिमेंटची कुंडी जमिनीत पुरावी आणि तिच्या एका बाजूला दगडांचा उतार करावा, नाहीतर आत पडलेली सापसुरळी बाहेर येऊ शकत नाही. त्यात एखादी कुमुदिनी लावावी. जलपर्णी आणू नये. चतुर आणि त्याचा सडपातळ भाऊबंद टाचणी यांची पिल्ले पाण्यातच वाढतात आणि डासांच्या अळ्या खातात, परंतु ती यायला काही महिने लागतात. तोवर डासांच्या अळ्या दिसल्यास गप्पी मासे सोडण्यास हरकत नाही, मात्र ते मूळचे दक्षिण अमेरिकेतील असल्याने पुढे कधीही ओढ्यात किंवा तळ्यात सोडू नयेत.

निवारा

वाळलेल्या फांद्यांचा एक ढीग आणि दगडांची एक रास एवढे पुरे. लाकडी ओंडका जमिनीवर आडवा टाकून विसरून जावे. भुंगा त्याला भोक पाडेल, वाळवी लागेल आणि वाळवी खायला सुतार पक्षी किंवा सरडा येईल. फक्त तो ओंडका घराच्या चौकटीपासून लांब असावा. पक्ष्यांना धान्य टाकण्याची गरज नाही. धान्याने पारवे जमतात, त्यांची विष्ठा श्वसनाच्या विकारांना कारण होते, आणि ज्यांच्यासाठी आपण हे सगळे करतो ते लहान पक्षी दूर जातात. चिमणीसारखे दाणे टिपणारे पक्षीदेखील आपल्या पिल्लांना अळ्याच भरवतात, म्हणून अळ्यांची झाडे हेच त्यांचे खरे धान्य.

सापाची भीती

रानकोपरा म्हटले की घरातील वडीलधाऱ्यांचा पहिला प्रश्न सापाचा असतो आणि तो रास्त आहे. साप बहुधा उंदरामागे येतो, म्हणून शिजवलेले अन्न उघड्या खतखड्ड्यात टाकू नये. घर आणि कोपरा यांच्यामध्ये आठ-दहा फुटांचा पट्टा झाडून स्वच्छ ठेवावा, भिंतीला टेकून विटा किंवा लाकडे रचू नयेत, रात्री विजेरीशिवाय तिकडे जाऊ नये आणि पाचोळ्यात हात घालण्यापूर्वी काठीने तो हलवावा. बागेत दिसणारे धामण, दिवड, कवड्या हे बिनविषारी असतात, परंतु कवड्या आणि मण्यार यांत नवख्याचा घोटाळा होतो, आणि हा घोटाळा जिवावर बेतू शकतो. त्यामुळे ओळख पटवण्याच्या भानगडीत न पडता अंतर राखावे. सापसुरळी विषारी असते हा समज मात्र सर्वस्वी चुकीचा आहे.

साप घरात शिरल्यास वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर किंवा परिचित सर्पमित्राला कळवावे. त्याला मारणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. दंश झालाच तर जखम कापू नये, करकचून बांधू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये; १०८ ची रुग्णवाहिका बोलावून प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयात तातडीने जावे.

वर्षभराची निगा

पहिले दोन उन्हाळे रोपांना आठवड्यातून दोनदा बुडाशी पाणी द्यावे. तिसऱ्या उन्हाळ्यापासून करवंद, अडुळसा, निर्गुडी यांना त्याची गरज फारशी राहत नाही. पावसाळ्यात फक्त वाटेवर आलेले गवत कापावे. मुनिया याच दिवसांत गवताची पाती नेऊन घरटी करतात, त्यामुळे सरसकट कापणी बी झडून गेल्यावर, म्हणजे नोव्हेंबरअखेर करावी आणि तेव्हाही एक-तृतीयांश भाग तसाच ठेवावा. झुडपांची छाटणी करण्यापूर्वी आत घरटे नाही ना, हे रोज थोडा वेळ याप्रमाणे तीन-चार दिवस लांबून पाहावे. पक्षी चोचीत काही घेऊन एकाच ठिकाणी वारंवार शिरत असेल तर छाटणी महिनाभर पुढे ढकलावी.

एका वहीत तारीख, झाड आणि त्यावर दिसलेला जीव एवढी नोंद ठेवावी. नाव माहीत नसेल तर वर्णन लिहावे. कोणत्या झाडावर कोणी फिरकलेच नाही ते या वहीतून वर्षाअखेरीस कळते, आणि त्या झाडाच्या जागी दुसरे लावता येते. आमच्या वहीत पहिल्या वर्षी सर्वांत अधिक नोंदी टाकळ्याच्या होत्या, जो आम्ही लावलाच नव्हता.

दुसऱ्या जूनमध्ये हद्दीचे दगड हिरवळीच्या बाजूला तीन-चार फूट सरकवावेत, आणि त्याच दिवशी शंखी गोगलगाईंसाठीचे गोणपाट पोटमाळ्यावरून खाली काढून ठेवावे.